ओपन इलेक्टिव्हचं काय करायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डिग्रीवाल्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

ॲडमिशनचा सीझन आला की काउंटरवर तेच तेच प्रश्न. नोटीस लागते कन्नडात नाहीतर इंग्रजीत, मराठी मीडियममधून आलेली पोरं बाकावरच्या शेजाऱ्याला विचारतात, शेजाऱ्याला पण तेवढंच माहीत, आणि मग तिसऱ्या सेमला कळतं की घेतलेला पेपर आपल्याला चालतच नव्हता. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. आपल्या राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीखालची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.वाली कॉलेजं मुख्यतः डोक्यात ठेवलीत, इंजिनिअरिंगवाल्यांचा आणि कोल्हापूरला जाणाऱ्यांचा प्रश्न खाली वेगळा आहे.

ओपन इलेक्टिव्ह म्हणजे नेमकं काय हो सर?

तुमचा जो मुख्य विषय आहे त्याच्या बाहेरचा, दुसऱ्या डिपार्टमेंटचा, तुम्ही स्वतः निवडायचा पेपर. बी.कॉम.वाला बॉटनीचा पेपर घेऊ शकतो, हिस्टरीवाली कॉम्प्युटरचा घेऊ शकते. त्याला क्रेडिट (डिग्रीसाठी जमवायचे पॉइंट) आहेत, परीक्षा आहे, मार्कलिस्टवर मार्क येतात. हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण निम्म्या पोरांना वाटतं हा एक्स्ट्रा आहे, झाला तर झाला. तसं नाही. तो राहिला की डिग्री राहिली.

राज्यघटना आणि पर्यावरण हे पेपर वेगळे, ते सगळ्यांना सक्तीचे, त्यात निवडायचं काही नसतं. "सर आम्ही एनव्हायर्नमेंट दिलाय की, तोच इलेक्टिव्ह ना?" असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. नाही. तो वेगळा.

किती इलेक्टिव्ह घ्यावे लागतात? माझा भाऊ म्हणतो चार, मैत्रीण म्हणते दोन.

दोघं पण बरोबर असतील, कारण ते वेगळ्या बॅचचे असतील. इथंच सगळा घोळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कर्नाटकात नवीन शिक्षण धोरण, म्हणजे एनईपी, डिग्रीला २०२१-२२ पासून लागू झालं. त्या पॅटर्नमधे पहिल्या चार सेमला दर सेम एक ओपन इलेक्टिव्ह, प्रत्येकी ३ क्रेडिटचा, १०० मार्कांचा, त्यात ६० लेखी आणि ४० इंटर्नल. चार वर्षांची ऑनर्स डिग्री वगैरे जे ऐकलं असेल ते ह्याच पॅटर्नमधलं. मग सरकार बदललं, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा स्वतःचा शिक्षण धोरण आयोग नेमला गेला, त्यांचा अंतरिम रिपोर्ट आला आणि मे २०२४ मधे ऑर्डर निघाली की २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची डिग्री. ह्याला सगळे एसईपी, म्हणजे स्टेट एज्युकेशन पॉलिसी, म्हणतात. ह्यात पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय आणि दोन भाषा ह्यांनीच टाइमटेबल भरतं, इलेक्टिव्ह येतात ते तिसऱ्या-चौथ्या सेमला, आणि ते पण २ क्रेडिटचे छोटे पेपर.

म्हणजे तुमची ॲडमिशन २०२१ ते २०२३ मधली असेल तर तुम्ही एनईपीवाले, तुमचे चार. २०२४ किंवा नंतरची असेल तर एसईपीवाले, तुमचे दोन. मधे एक वर्ष गॅप घेऊन परत आलेले, किंवा कॉलेज बदलून आलेले जे आहेत त्यांनी कोणाचं ऐकू नये, आपला रजिस्टर नंबर घेऊन सरळ ऑफिसात यावं, कारण कुठल्या पॅटर्नमधे बसणार ते तिथंच ठरतं आणि जुन्या पॅटर्नचे क्रेडिट नव्यात कसे मोजायचे ते युनिव्हर्सिटीकडून लिहून आणावं लागतं. तोंडी "होऊन जाईल हो" वर विश्वास ठेवू नका, मी म्हटलं तरी ठेवू नका.

माझ्याच विषयातला इलेक्टिव्ह घेतला तर काय होतंय? अभ्यास कमी पडेल ना.

म्हणूनच तर चालत नाही. ओपन म्हणजे तुमच्या मुख्य विषयाच्या डिपार्टमेंटनं दुसऱ्यांसाठी ठेवलेला पेपर तुम्ही घ्यायचा नाही. एनईपीच्या यादीत कॉमर्सचा "अकाउंटिंग फॉर एव्हरीवन" होता, त्यातला एव्हरीवन म्हणजे बी.कॉम. सोडून सगळे. तसंच "केमिस्ट्री इन डेली लाइफ" केमिस्ट्री मुख्य विषय असणाऱ्यांना नाही, "ऑफिस ऑटोमेशन" कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना नाही. कधी कधी असं होतं की पोर्टल अडवत नाही, नाव दिसतं, क्लिक होतं, पोरगं खूश. मग स्क्रुटिनीत सापडतं. पोर्टलनं घेतलं म्हणजे नियमात बसलं असं धरून चालू नका.

सगळ्यात सोपा इलेक्टिव्ह कुठला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ज्याला "सोपा" म्हणून नाव पडतं तिथं दोन दिवसांत शंभर पोरं जातात, मग एका वर्गात एवढी मुलं, सर मागच्या बाकापर्यंत पोचत नाहीत, इंटर्नलची वही तपासायला कोणाला वेळ नाही, आणि रिझल्ट लागला की "सर हा तर सोपा होता ना".

माझं मत विचाराल तर तीन गोष्टी बघा. एक, मागच्या वर्षाचा पेपर. कॉलेजच्या लायब्ररीत जुने पेपर बांधून ठेवलेले असतात, नाहीतर सीनियरच्या मोबाईलमधे फोटो असतोच. तो पेपर हातात घेऊन वाचा, प्रश्न कळतायत का? उत्तर येत नसलं तरी चालेल, प्रश्न कळला पाहिजे. आपल्याकडं पेपर कन्नड आणि इंग्रजीत येतात, आणि दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढं पीयूसीला (अकरावी-बारावीला) धडपडत इंग्रजी, असं ज्यांचं झालंय त्यांना विषय सोपा असून भाषेनं मार्क जातात. खानापूर भागातली पोरं ह्यात जास्त सापडतात. थिअरीचे लांबलचक निबंध लिहायचा पेपर घेण्यापेक्षा जिथं आकडेमोड, आकृती, प्रॅक्टिकल आहे तो तुम्हाला जास्त सोपा जाईल, नाव कितीही जड असू दे.

दोन, शिकवणार कोण. पर्मनंट सर आहेत की गेस्ट लेक्चरर अजून नेमायचे आहेत? गेस्ट लेक्चररच्या नेमणुका उशिरा होतात हे आपल्याकडं सगळ्या सरकारी कॉलेजांचं दुखणं आहे, सेम अर्धी संपते तेव्हा कोणीतरी येतं. गेस्ट शिकवतात चांगलं, त्यात काही नाही, पण ते येईपर्यंत तुमचं इंटर्नल गेलेलं असतं.

तीन, तुम्हाला पुढं काय करायचंय. बँकेच्या, केपीएससीच्या (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या) परीक्षा द्यायच्या असतील आणि मुख्य विषय सायन्स असेल तर इकॉनॉमिक्स किंवा पॉलिटिकल सायन्सचा इलेक्टिव्ह म्हणजे नाहीतरी करायचा तो अभ्यास. घरचं दुकान आहे, रविवार पेठेत गाळा आहे, तर अकाउंट्सचा घ्या, वडिलांना जीएसटीसाठी कोणाच्या दारात जायला नको. शेअर मार्केटचा पेपर घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, तो पेपर पास होण्यासाठी आहे, वडिलांचे पैसे लावण्यासाठी नाही.

मराठी इलेक्टिव्ह म्हणून घेता येतं का?

भाषा आणि इलेक्टिव्ह हे दोन वेगळे कप्पे आहेत. डिग्रीला दोन भाषा घ्याव्या लागतात, त्यात मराठी घेता येते, बेळगाव शहरातल्या आणि निपाणी-खानापूरकडच्या बऱ्याच कॉलेजांत मराठी डिपार्टमेंट आहे. ती भाषा म्हणून घेतली तरी तुमचा इलेक्टिव्ह बाकीच राहतो. मराठी डिपार्टमेंटनं ओपन इलेक्टिव्ह ठेवला असेल, अनुवाद, पत्रकारितेसाठी लेखन अशा टाइपचा, तर तो घेता येतो, पण ठेवलाय का ते तुमच्या कॉलेजच्या यादीत बघायचं. आणि डिपार्टमेंटला पोरं पाहिजे असतात हे पण लक्षात ठेवा, चार जण एकत्र जाऊन सरांना विचारलं तर पुढच्या सेमला यादीत येऊ शकतो, एकट्यानं ग्रुपवर रडून येत नाही.

कन्नड सक्तीचं आहे की नाही एकदाचं सांगा.

२०२१ मधे एनईपी लागू करताना सरकारनं डिग्रीला कन्नड सक्तीचं केलं होतं. त्यावर हायकोर्टात केस झाली आणि एप्रिल २०२२ मधे कोर्टानं अंतरिम आदेश देऊन सांगितलं की सक्ती करू नका. तेव्हापासून फॉर्मवर भाषेचा चॉइस आहे. ही झाली नियमाची गोष्ट. बाकी माझं विचाराल तर डीसी ऑफिसपासून तलाठ्यापर्यंत सगळे अर्ज कन्नडात आहेत, राज्याच्या नोकरीला कन्नडची परीक्षा आहे, तेव्हा एक सेम बेसिक कन्नड शिकून घेतलं तर त्यात आपल्या मराठीपणाला काही होत नाही. इथं राजकारण आणू नका, प्रश्न क्रेडिटचा आहे.

एनसीसी केली तर इलेक्टिव्हमधे धरतात का?

यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२१ मधे युनिव्हर्सिट्यांना सांगितलं की एनसीसी जनरल इलेक्टिव्ह म्हणून, क्रेडिट देऊन, चालवता येईल. पण चालवता येईल आणि चालवतात ह्यात फरक आहे. तुमच्या कॉलेजात एनसीसीचं युनिट आहे म्हणून आपोआप क्रेडिट मिळत नाही, इलेक्टिव्हच्या यादीत एनसीसीचा कोर्स कोडसकट असायला पाहिजे. नसेल तर ती एक्स्ट्रा ॲक्टिव्हिटी, परेडही करा आणि इलेक्टिव्हही वेगळा द्या.

तरी करा हो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या कँपात आहे, सकाळी पोरं पळताना दिसतात, भरतीत सी सर्टिफिकेटला बोनस मार्क आहेत. क्रेडिट नाही मिळालं तरी वाया जात नाही.

स्वयम, एनपीटीईएलचा ऑनलाइन कोर्स करून इलेक्टिव्ह सोडवता येईल का? गावातून रोज येणं जमत नाही.

येतो, अटी आहेत. स्वयम म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, एनपीटीईएलचे कोर्स त्यावरच असतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेमचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात, पण तुमच्या युनिव्हर्सिटीनं आणि कॉलेजनं तो कोर्स मान्य केलेला पाहिजे. साधारण हिशोब असा, १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिट, ८ चा २, ४ चा १. म्हणजे ३ क्रेडिटच्या इलेक्टिव्हला ८ आठवड्यांचा कोर्स करून एक क्रेडिट कमी पडलं अशी फजिती करून घेऊ नका.

व्हिडिओ बघणं फुकट आहे, सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यावी लागते, त्याची फी साधारण हजार रुपये, आणि ती परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यायची, घरात बसून मोबाईलवर नाही. एनपीटीईएलला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ मार्क, पास व्हायला असाइनमेंटमधे १० आणि परीक्षेत ३० तरी पाहिजेत, दोन्हीकडं वेगळे. असाइनमेंट दर आठवड्याला असते, तारीख गेली की गेली. रेंज नाही, लाइट नाही ही कारणं आमच्यासमोर चालतात, त्यांच्या पोर्टलला चालत नाहीत. कणकुंबी-जांबोटीकडच्या पोरांनी हा विचार आधी करावा, व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर डाउनलोड करून नेले तर जमतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोर्सला नाव घालायच्या आधी मेंटॉर सरांची सही घ्या. कोर्स झाल्यावर सर्टिफिकेट घेऊन आलेल्यांना नाही म्हणताना आम्हाला पण बरं वाटत नाही.

यूयूसीएमएसवर (युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन पोर्टलवर) इलेक्टिव्ह कसा भरायचा? सायबरवाल्यानं भरून दिलाय, मला काही माहीत नाही.

हे "सायबरवाल्यानं भरलंय" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्याच्याकडं चाळीस पोरांची लाइन असते, ड्रॉपडाउनमधे जे पहिलं नाव येतं ते टिकतं आणि प्रिंट हातात. तुम्ही घरी जाऊन वाचत पण नाही.

स्वतः भरा, मोबाईलवर होतं. लॉगिन करा, ओटीपी येईल, तो कुठल्या नंबरवर येतोय ते आधी बघा कारण ॲडमिशनच्या वेळी वडिलांचा नंबर दिलेला असतो आणि वडील असतात शेतात नाहीतर गोव्याला कामावर, ओटीपी तिकडं आणि तुम्ही इकडं. आत गेल्यावर आपली सेम, आपलं कॉम्बिनेशन बरोबर दाखवतंय का बघा. मग इलेक्टिव्हची यादी उघडा. एकाच नावाचे दोन पेपर असू शकतात, एक मुख्य विषयाचा, एक ओपनचा, फरक फक्त कोडमधे. नोटीस बोर्डावरच्या यादीचा फोटो काढून ठेवा आणि कोड अक्षर-अक्षर जुळवा. सबमिट केल्यावर जे पान येतं त्याचा स्क्रीनशॉट, आणि पीडीएफ आली तर ती स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

नंतर परीक्षेचा फॉर्म भरताना हाच कोड परत येतो, आणि हॉलतिकिटावर पण. तीन ठिकाणी तोच कोड पाहिजे. हॉलतिकिटावर वेगळा दिसला तर त्याच दिवशी ऑफिसला या, परीक्षेच्या सकाळी गेटवर आलात तर आम्ही काय करणार.

घेतलेला इलेक्टिव्ह बदलता येतो का?

सेम सुरू झाल्यावर पहिले थोडे दिवस, कॉलेज तारीख लावतं तोपर्यंत. अर्ज लिहा, दोन्ही डिपार्टमेंटच्या एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, मग ऑफिस. पहिलं इंटर्नल झाल्यावर विषय काढू पण नका.

पाहिजे तो फुल झाला म्हणतात. खरंच फुल असतो का?

हो, खरंच असतो. प्रॅक्टिकलवाल्या पेपरला लॅबमधे जागा असतात तेवढीच पोरं. उलट पण होतं, पोरंच नाहीत म्हणून पेपर रद्द होतो, आणि मग तुम्हाला दुसरीकडं ढकलतात. म्हणून फॉर्मवर दुसरा-तिसरा चॉइस मागतात तिथं तोच विषय तीनदा लिहू नका, खरोखर चालेल असं काहीतरी लिहा.

दादा, माझी मुलगी खानापूर तालुक्यातून येते. इलेक्टिव्हचा तास शेवटचा लावलाय, बस चुकते. काय करावं?

ताई, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. इलेक्टिव्हला सगळ्या डिपार्टमेंटची पोरं एकत्र येतात, म्हणून तो तास सगळ्यांचा मोकळा वेळ बघून लावतात, आणि तो वेळ म्हणजे एकतर सकाळी पहिला नाहीतर शेवटचा. बसपास असून उपयोग नाही, गावाकडची गाडी सीबीटीवरून (बेळगावच्या मुख्य बसस्टँडवरून) सुटून जाते आणि पुढची रात्री.

करायचं काय, तर चॉइस भरायच्या आधीच टाइमटेबल विचारायचं. कुठला इलेक्टिव्ह कुठल्या तासाला हे ऑफिसला माहीत असतं, फक्त विचारत कोणी नाही. भरून झाल्यावर अडचण आली तर त्याच गावाकडच्या मुलींनी मिळून प्रिन्सिपलना एक अर्ज द्यावा, बसची वेळ लिहून. एकीचा अर्ज फाइलला लागतो, दहा जणींच्या अर्जावर तास पुढं-मागं झालेला मी बघितलाय. पण न सांगता तास बुडवायचा नाही, ७५ टक्के हजेरी इलेक्टिव्हला पण आहे आणि ती वेगळी मोजतात.

इलेक्टिव्हमधे नापास झालो तर?

परत द्यायचा. इंटर्नलचे मार्क साधारण तसेच पुढं येतात, लेखी परत. म्हणून इंटर्नल चांगलं असलेल्याला दुसऱ्या वेळी सोपं जातं, आणि ज्यानं असाइनमेंटच दिली नाही तो दरवेळी लेखीत जास्त मार्क शोधत बसतो. एनईपी बॅचवाल्यांपैकी ज्यांचे पहिल्या-दुसऱ्या सेमचे इलेक्टिव्ह राहिलेत त्यांनी आता टाळाटाळ करू नये. जुन्या सिलॅबसचे पेपर कायम काढत नाहीत.

मी इंजिनिअरिंगला आहे, आम्हाला काय नियम?

तुमचं व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, मच्छेला ज्ञानसंगम आहे ते. २०२२ च्या स्कीममधे ओपन इलेक्टिव्ह सहाव्या आणि सातव्या सेमला, प्रत्येकी ३ क्रेडिट. तुमच्या ब्रँचच्या कोअर पेपरशी किंवा प्रोफेशनल इलेक्टिव्हशी सिलॅबस जुळत असेल तर तो घेता येत नाही, पुढच्या सेमला तसाच पेपर येणार असेल तरी नाही. कॉम्प्युटर ब्रँच दुसऱ्यांसाठी डेटा स्ट्रक्चर्सची ओळख ठेवते, तो मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी प्लेसमेंटसाठी घ्यावा असं माझं मत, कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या कोडिंग विचारतातच. एका इलेक्टिव्हला निदान १० पोरं पाहिजेत. पास व्हायला इंटर्नलला ५० पैकी २०, लेखीला ३५ टक्के आणि दोन्ही मिळून १०० पैकी ४०. हजेरी ८५ टक्के लागते, योग्य कारण असेल तर ७५ पर्यंत माफी मिळू शकते, पण ती हक्काची नाही.

एनएसएस, योगा, पीई हे इलेक्टिव्ह नाहीत, त्यांना क्रेडिट पण नाही, तरी केल्याशिवाय डिग्री मिळत नाही. आणि पहिल्या वर्षाला सांस्कृतिक कन्नड (कन्नड येणाऱ्यांसाठी) की बळके कन्नड (न येणाऱ्यांसाठी, रोजच्या वापराचं) हा जो प्रश्न येतो, त्यात कन्नड लिहिता-वाचता येत नसेल तर बळके घ्या. मित्राबरोबर बसायचं म्हणून सांस्कृतिक घेतलेली आपली मराठी पोरं नंतर अक्षरं गिरवत बसतात.

कोल्हापूरला ॲडमिशन घेतली तर हेच नियम का?

नाही. शिवाजी युनिव्हर्सिटी महाराष्ट्रात, तिथं महाराष्ट्र सरकारचा एनईपी पॅटर्न चालू आहे. तिकडं ओपन इलेक्टिव्ह पहिल्या दोन वर्षांत मिळून १० ते १२ क्रेडिटचे आणि मुख्य अट म्हणजे तुमच्या फॅकल्टीच्या बाहेरचाच घ्यायचा. आपल्याकडं हिस्टरीवाला पॉलिटिकल सायन्स घेऊ शकतो, तिकडं आर्ट्सवाल्याला आर्ट्समधला चालत नाही, सायन्स नाहीतर कॉमर्सकडं जावं लागतं. तिकडं ओई, व्हीएससी, एसईसी, व्हीईसी अशी अक्षरांची लाइनच असते, त्यातला ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, मायनर म्हणून अजून वेगळं, बाकीच्यांना इलेक्टिव्ह समजू नका.

निपाणीतून कागलला, कोल्हापूरला रोज जाणारे बरेच आहेत. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिकडं ॲडमिशनला काही सवलती आहेत, पण सवलत ॲडमिशनची, क्रेडिटची नाही. इथं एक वर्ष करून मधेच तिकडं गेलात तर इथले इलेक्टिव्ह तिकडच्या साच्यात बसतीलच असं नाही, मायग्रेशन सर्टिफिकेटबरोबर सिलॅबसची कॉपी पण घेऊन जा, विषयाचं नाव आणि क्रेडिट दोन्ही त्यांना दाखवावं लागतं.

एबीसी आयडी कशाला मागतात?

ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमचे क्रेडिट जमा होतात ती जागा. डिजीलॉकरवरून निघतो, १२ आकडी. स्वयमचा कोर्स केला किंवा कॉलेज बदललं तर क्रेडिट इथूनच जातात. आधारवरचं नाव आणि मार्ककार्डावरचं नाव एक पाहिजे, आपल्याकडं आधारला वडिलांचं नाव मधे आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) कार्डाला आडनाव आधी, तिथं अडतं. आधी नाव दुरुस्त करा.

इलेक्टिव्हचे मार्क टक्केवारीत धरतात का?

सीजीपीए (सगळ्या सेमची मिळून सरासरी) काढताना क्रेडिट असलेले सगळे पेपर येतात, इलेक्टिव्ह पण. बी.एड. किंवा एम.ए.च्या ॲडमिशनला मात्र काही ठिकाणी मुख्य विषयाचे मार्क वेगळे काढून बघतात, तेव्हा तिथल्या प्रॉस्पेक्टसमधे टक्केवारी कशाची म्हटलंय ते वाचून मगच फॉर्मवर आकडा लिहा.